ऑनलाइन कारभाराची राखण

महाराष्ट्रातल्या सहकारी आणि शैक्षणिक संस्थांच्या बैठकांमध्ये गेल्या दहा वर्षांत एक विषय हमखास उत्साहानं मंजूर होत आला आहे, तो म्हणजे नवं सॉफ्टवेअर. मोबाइल ॲप, क्यूआर कोड, ऑनलाइन प्रवेश, सभासदांना एसएमएस. त्याचा शुभारंभ होतो, नारळ फुटतो, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याच सॉफ्टवेअरच्या राखणीचा विषय मात्र बऱ्याच ठिकाणी विषयपत्रिकेच्या तळाशी असतो आणि ‘अहवालाची नोंद घेण्यात आली’ एवढ्या वाक्यावर संपतो. ऑनलाइन कारभारात झालेल्या मोठ्या नुकसानीच्या घटना एकामागून एक तपासल्या, तर बहुतेकींचं मूळ या दोन विषयांमधल्या अंतरात सापडतं. तंत्रज्ञान आणणं आणि ते सांभाळणं हे दोन वेगळे निर्णय मानले गेले, तिथेच घात झाला.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला या दृष्टीनं जवळून पाहण्यासारखा आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही देशातल्या जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतर जगभरातल्या एटीएममधून तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून पैसे निघू लागले. काही तासांत २८ देशांत मिळून सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. भारतातही रुपे कार्डांवरून सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी काढले गेले. कोल्हापुरातल्या एटीएमसमोरही ही बनावट कार्डं घेतलेली माणसं उभी होती. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटी ४२ लाखांचा.

हे साधलं कसं, ते समजून घ्यायला हवं. एटीएममध्ये कार्ड घातलं की ती विनंती आधी बँकेच्या ‘स्विच’कडे जाते. स्विच ही मधली यंत्रणा कोअर बँकिंग प्रणालीला विचारते, ‘या खात्यात एवढे पैसे आहेत का?’ तिकडून होकार आला की एटीएम नोटा मोजतं. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या मधल्या जागेवर स्वतःची बनावट यंत्रणा बसवली. ती कोअर बँकिंगला काही विचारतच नव्हती. येणाऱ्या विनंतीला आपणच परस्पर होकार देत होती. त्यामुळे ठेवीदारांच्या खात्यातली शिल्लक कमी झाली नाही. पैसा गेला तो बँकेचा. आणि खात्यांत काहीच हललं नसल्यामुळे खातेवही पाहणाऱ्याला धोक्याची कोणतीही खूण दिसण्याची शक्यता नव्हती.

शनिवारची निवड मुद्दाम केलेली असावी. ऑगस्टमधला तो दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी संबंधित हॅकरांच्या नावे नोंदवला गेला. भारतातल्या एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं मात्र इथलीच होती. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये त्यांतल्या ११ जणांना दोषी ठरवलं. हल्ला दूरदेशी आखला जातो, पण पैसे उचलायला गल्लीतला माणूस लागतो, हे या खटल्यानं पुराव्यानिशी समोर आणलं.

रिझर्व्ह बँकेनं त्यानंतर हालचाल केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट आली, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला तिची पुढची, चार पातळ्यांची आवृत्ती. या आवृत्तीत एक शहाणपणाची गोष्ट आहे. बँक किती मोठी, यापेक्षा ती ऑनलाइन जगात किती खोल उतरली आहे, यावर तिची जबाबदारी ठरते. ज्या बँकेकडे इंटरनेट बँकिंगही नाही तिच्यासाठी मूलभूत गोष्टी पुरेत. ज्या बँकेचं स्वतःचं एटीएम स्विच आहे, स्विफ्टची जोडणी आहे, तिला चोवीस तास नजर ठेवणारी व्यवस्था हवी. जेवढी सोय, तेवढी राखण. हे तत्त्व बँकांपुरतं ठेवण्याचं कारण नाही. रुग्णालय, विद्यापीठ, बाजार समिती, कारखाना या सगळ्यांना ते जसंच्या तसं लागू पडतं.

अडचण अशी की लहान संस्थेचं तंत्रज्ञान तिच्या स्वतःच्या इमारतीत असतंच असं नाही. ते एखाद्या पुरवठादाराकडे असतं, त्याचा सर्व्हर तिसऱ्याकडे आणि त्याची देखभाल चौथ्याकडे. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांना याचा अनुभव आला. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ती तांत्रिक सेवा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला. संसर्ग पुढं पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, तिला देयक यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. १ ऑगस्टला जोडणी परत आली. मधल्या काळात या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. त्या ३०० बँकांपैकी कुणीही चुकीच्या दुव्यावर क्लिक केलं नव्हतं. त्यांच्या व्यवस्थापनाच्या हाती त्या दिवशी वाट पाहण्याखेरीज काही नव्हतं. तोडण्याचा निर्णय तातडीनं झाला म्हणून प्रकरण एका दिवसात निभावलं. एनपीसीआयला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

असाच फटका २७ जून २०१७ ला थेट उरणला बसला होता. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला आणि काही तासांत तो जगभर गेला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्यानं निकामी केले. मर्स्कच्याच समूहातली कंपनी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल चालवत होती. तिथलं संगणकीय काम थांबलं आणि कंटेनर अडकून पडले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी उरणच्या ट्रकचालकाचा संबंध काय? पण दिवस वाया गेला तो त्याचा.

मर्स्कनं त्यातून डोकं वर कसं काढलं, ते सांगण्याजोगं आहे. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर जाहीर केल्याप्रमाणे सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. कुणाला कशाची परवानगी आहे याची नोंद ठेवणारे जगभरातले मुख्य सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले होते. वाचला फक्त एक, घानामधल्या कार्यालयातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला राहिला. त्याच्यावरून बाकीचं सारं परत बांधलं गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते वीज जाण्याच्या योगायोगानं. जो बॅकअप जाळ्याला सतत जोडलेला असतो, तो हल्ल्यात मूळ माहितीबरोबरच जातो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्व्हर बंद पडले, तेव्हा केसपेपरपासून रक्ततपासणीच्या अहवालापर्यंत सगळं पुन्हा हातानं लिहायची वेळ आली. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सरकारनं संसदेत दिलेल्या उत्तरात कारण सांगितलं, ते जाळ्याच्या सदोष विभागणीचं. म्हणजे रुग्णालयाचं संगणक जाळं एकमेकांपासून वेगळ्या कप्प्यांत नीट वाटलेलं नव्हतं. एका ठिकाणी शिरलेल्याला दुसरीकडे जायला वाट मोकळी होती. दिलाशाची बाब एवढीच की ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीतली माहिती एका न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली. मधले दिवस देशभरातून आलेले रुग्ण रांगेत उभे होते.

या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण मात्र एका ग्रंथालयाचं आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दफ्तरं आहेत. महाराष्ट्राच्या इतिहासाचे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आले आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ‘ऱ्हायसिडा’ नावाच्या टोळीनं तिच्या संगणकांत शिरून सुमारे ६०० गिगाबाइट माहिती पळवली आणि निघताना सर्व्हर नासवून टाकले. खंडणी द्यायला ग्रंथालयानं नकार दिला. चोरलेली माहिती उघड्यावर आली. ऑनलाइन ग्रंथसूची जानेवारी २०२४ मध्ये शोधण्यापुरती परत आली, पण अनेक सेवा त्यानंतरही दीर्घकाळ बंद होत्या.

ग्रंथालयानं पुढं जे केलं ते फार थोड्या संस्था करतात. मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच्या चुकांचा सविस्तर अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध केला. त्यातला तपशील कुणाही संस्थाचालकानं वाचावा असा आहे. बाहेरच्या ठेकेदारांना दुरून काम करता यावं म्हणून २०२० मध्ये एक सर्व्हर बसवला गेला होता. हल्लेखोर बहुधा तिथूनच आत आले. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरच्या दुसऱ्या पडताळणीची व्यवस्था ग्रंथालयात अन्यत्र होती. या वाटेवर ती नव्हती, कारण खर्च, अडचण आणि चालू कामांत येणारा व्यत्यय. सावरायला उशीर लागला त्याचं कारण आणखी खोलवरचं आहे. ग्रंथालयात वर्षानुवर्षं साचलेली जुनी सॉफ्टवेअर होती, ज्यांची देखभाल थांबली होती. त्यांच्या माहितीच्या प्रती सुरक्षित होत्या, पण ज्या यंत्रणेवर त्या चालवायच्या ती नव्या, सुरक्षित व्यवस्थेत उभीच राहू शकत नव्हती. म्हणून सावरायला इतका वेळ लागला. नवं आणताना जुनं रीतसर काढून टाकणं हेही तंत्रज्ञान स्वीकारण्याचंच काम आहे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. ती सहसा नसते. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आपल्या शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींच्या टेबलांवरच्या संगणकांची यादी करून त्यांतले किती या वर्गात बसतात, हे मोजण्याचं काम आजच करता येईल.

माणसांना गाठून होणारी फसवणूक यापेक्षा साधी असते आणि म्हणूनच जास्त ठिकाणी घडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला. निरोप संस्थेचे प्रमुख आदर पूनावाला यांच्या नावानं होता आणि काही खात्यांत तातडीनं पैसे भरायला सांगत होता. पैसे भरले गेले, एक कोटीहून अधिक. निरोप बनावट होता. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यानं तर व्हिडिओ बैठकीत आपल्या वित्तप्रमुखांना आणि सहकाऱ्यांना ‘पाहून’ १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले बाकीचे चेहरे आणि आवाज संगणकानं बनवलेले होते.

अशा फसवणुकीला उत्तर तांत्रिक कमी आणि शिस्तीचं जास्त आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि एक व्यवस्थापकाकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. ऑनलाइन व्यवहारातली ‘मेकर-चेकर’ पद्धत हीच आहे: एकानं व्यवहार भरायचा, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचा. पण प्रत्यक्षात काय होतं? मंजुरी देणारे साहेब दौऱ्यावर असतात, काम अडतं, म्हणून ते आपला पासवर्ड लिपिकाला सांगून ठेवतात आणि ओटीपी फोनवर वाचून दाखवतात. महिनाभरात ती रीतच होऊन जाते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन वर्षभर चालू राहतं. टॅली भरणाऱ्या मुलाच्या संगणकावर दुरून दुरुस्ती करण्यासाठी घातलेलं सॉफ्टवेअर कायम उघडं असतं. सभासदांची आधार कार्डं व्हॉट्सॲपच्या गटात फिरतात. यांतली कोणतीही गोष्ट दुष्ट हेतूनं होत नाही. काम पुढं जावं म्हणूनच होते. त्यामुळे कर्मचाऱ्याला दोष देऊन काही साधणार नाही. साहेब दौऱ्यावर असताना मंजुरी कोण देणार, हे लेखी ठरवून दिलं की लिपिकाला त्यांचा पासवर्ड लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत तीच घाई आता चालू आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. बंदी हा टिकाऊ उपाय नाही, कारण साधन उपयोगी आहे आणि ते लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. कोणती कागदपत्रं त्यात टाकायची आणि कोणती मुळीच नाही, याचा एक पानाचा नियम संस्थेनं आधी लिहावा, मग वापर सुरू करावा.

कायद्याचा फास आता आवळू लागला आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या रक्षणात कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जाण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती, म्हणजे खऱ्या बँकेचं संकेतस्थळ ओळखायला ग्राहकाला एक ठोस खूण मिळाली. हा शेवटचा निर्णय लहान वाटला तरी सामान्य माणसाच्या दृष्टीनं मोलाचा आहे.

‘आमच्यासारख्या लहान संस्थेला हे परवडायचं कसं?’ हा प्रश्न खरा आहे. देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतल्या कित्येकींना स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नेमणं झेपत नाही. मार्च २०२४ मध्ये या बँकांसाठी एनयूसीएफडीसी ही शिखर संस्था सुरू झाली, तिच्या उद्दिष्टांत सामाईक तंत्रज्ञान पुरवणं आहे. सहकाराचा मूळ विचार इथे नेमका उपयोगी पडतो: एकट्याला न परवडणारा तज्ज्ञ दहा जणांनी मिळून ठेवायचा. सामाईक यंत्रणा घेतली की सी-एजच्या वेळचा धोकाही सामाईक होतो, हे लक्षात ठेवूनच तिचा करार लिहावा लागेल. सुरक्षेसाठी घेतलेलं साधनसुद्धा याला अपवाद नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती माणसं त्या दिवशी विमानात बसू शकली, कारण कागदावर काम कसं चालवायचं हे कुणाला तरी ठाऊक होतं.

मोठ्यांनाही हे सोपं नाही. टाटा समूहाच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचं उत्पादन सप्टेंबर २०२५ पासून सायबर हल्ल्यामुळे महिनाभराहून अधिक काळ थांबलं. ब्रिटनमधल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरनं देशाच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान १.९ अब्ज पौंड आणि झळ बसलेल्या संस्था पाच हजार, असा अंदाज काढला. त्यांतले कित्येक सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार होते. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, वाळूज या पट्ट्यांत असेच शेकडो पुरवठादार मोठ्या कारखान्यांच्या ऑनलाइन मागणीपत्रांवर आपली पाळी आखतात. ती मागणीपत्रं पाच आठवडे आलीच नाहीत तर पगार कसे द्यायचे, याचं उत्तर त्यांनी आत्ताच काढून ठेवायला हवं.

आर्थिक फसवणूक लक्षात आली तर पहिल्या काही तासांत १९३० या क्रमांकावर कळवावं. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तो गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. हा क्रमांक रोखपालाच्या खिडकीजवळ लावलेला असावा. आणि सभासदांनी एक काम करावं. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या दराबरोबर तीन प्रश्न लेखी विचारावेत: बॅकअपवरून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहण्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, आपली माहिती नेमकी कोणकोणत्या पुरवठादारांकडे आहे, आणि हे सगळं बिघडलं तर उत्तर द्यायला संचालक मंडळातली कोणती एक व्यक्ती जबाबदार आहे. उत्तरं पुढच्या अहवालात नाव आणि तारखेसह छापून घ्यावीत.